माया, लळा, जिव्हाळा आणि एक सही



रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवर बचत गटांचं काम करणाऱ्या आम्ही. एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेचं खातं, गटाचं दप्तर असं बोलतो. आज त्यातलं काही नाही. आज बोलायचं आहे प्रेमाबद्दल.

हसलात ना? आमच्या बैठकीतही सगळ्या अशाच पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

श्रावणातली गोष्ट. लावणी आटोपली होती. बैठक झाली, बचत गोळा झाली, सह्या झाल्या. घरी निघायचं तर पाऊस असा कोसळायला लागला की पुढचा माड दिसेना. मग शाळेच्या पडवीतच बसलो. गप्पा निघाल्या आणि आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "बायांनो, घरात आपल्यावर कुणाचं तरी प्रेम आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?"

आधी कुणी बोलेचना. मग एक काकी म्हणाल्या, "माझ्यावर प्रेम आमच्या म्हशीचं. माझा आवाज ऐकल्याबिगर पान्हा सोडत नाय ती." पडवी हसण्यानं दणाणली. पण त्या हसण्यानंतर एकेक बाई बोलू लागली.

एक म्हणाली, "मी पाणी भरून येईपर्यंत सासरे चूल पेटवून ठेवतात. चाळीस वर्षांत सासूसाठी कधी केलं नाही, पण माझ्यासाठी करतात." दुसरी म्हणाली, "बांगड्याचं कालवण केलं की सासूबाई माझ्यासाठी मधला तुकडा झाकून ठेवतात. मी शेवटी जेवते ना, म्हणून." तिसरीची मुलगी मुंबईला नालासोपाऱ्याला असते. रोज रात्री फोन करते आणि विचारते, "जेवलीस का?" बोलायला दुसरं काही नसतं, पण फोन चुकवत नाही. चौथी हळूच म्हणाली, "पावसाच्या आधी आमचे हे लाकडं फोडून माळ्यावर रचून ठेवतात. मला न सांगता."

मैत्रिणींनो, या सगळ्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. एकीच्याही बोलण्यात प्रेम हा शब्द आला नव्हता. चूल आली, मासा आला, लाकडं आली. तो शब्द आपल्याला सिनेमातला वाटतो. तोंडातून काढायला लाज वाटते.

पण म्हणून आपल्याकडे शब्दांची गरिबी आहे असं समजू नका. उलट एवढे शब्द आहेत की प्रत्येक नात्याला वेगळा शोभतो. आई लेकराला लावते ती माया. पाडसाला, वासराला, नातवाला लागतो तो लळा. माहेरची असते ती ओढ. शेजारणीशी असते ती आपुलकी. मैत्रिणीशी असतो तो स्नेह, आणि स्नेह म्हणजे तेलसुद्धा. तेलाचं बोट फिरवलं की कुरकुरणारं दार गप्प होतं, तसंच हे. पूर्वी पत्राच्या शेवटी लिहायचे, लोभ असावा. लोभ म्हणजे हाव, आणि लोभ म्हणजे जीवही. आणि जिव्हाळा? नखाखाली जो नाजूक भाग असतो त्याला आपण जिव्हाळी म्हणतो. नख तिथवर कापलं गेलं तर कळ मस्तकात जाते. जिव्हाळ्याच्या माणसाचं बोलणं तसंच लागतं. परक्यानं म्हटलं तर सोडून देऊ, आपल्या माणसानं म्हटलं की रात्रभर झोप नाही.

त्या दिवशी आमच्यात सगळ्यात वडीलधाऱ्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान मुंबईत गिरणीत होते. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची हीच कथा. पुरुषमाणूस गिरणगावात, दहा-बाराजण एका खोलीत, जेवण खानावळीत. बायको इथे, सासूसासरे, पोरं, गुरं, भात, सगळं तिच्या डोक्यावर. वर्षातून शिमग्याला नाहीतर गणपतीला भेट. दोघांमध्ये दुवा एकच, मनीऑर्डर. १८८० साली टपालखात्यानं ही मनीऑर्डर सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं कोकणातल्या चुली तिच्यावर पेटल्या. त्या फॉर्मला खाली एक लहानसा कागद असायचा, दोन ओळी लिहिण्यापुरता. पैसे घ्यायचे आणि तो कागद आपल्याकडे ठेवायचा.

आजी म्हणाल्या, "माझ्याकडे ते सगळे कागद ट्रंकेत आहेत. पोस्टमन ओटीवर बसून वाचायचा आणि सगळी वाडी ऐकायला जमायची. म्हणून हे काही लिहायचेच नाहीत. पैसे पाठवले आहेत, पोरांना जपा, एवढंच. पुढे मी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकले. तेव्हा ते कागद काढून एकेक वाचले. तेच शब्द. पण तेव्हा दिसलं, प्रत्येक कागदावर शेवटी लिहिलंय, तू प्रकृतीस जप. पोस्टमन ते वाचून दाखवायचा, पण मला वाटायचं ते पत्रात लिहायचंच असतं. एकही कागद असा नव्हता की ते लिहायचं राहिलं."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. आजींचे यजमान घरी आले ते कायमचे. "मग पैसे नाहीत, कागद नाहीत, माणूस मात्र समोर," आजी म्हणाल्या. "आणि समोर आल्यावर मात्र प्रकृतीस जप असं एकदाही म्हणाले नाहीत हो!" आम्ही हसलो. आजी नाही हसल्या.

मैत्रिणींनो, प्रेम करून दाखवायचं, बोलायचं नाही, ही आपल्या मातीची रीतच आहे. आपल्याच जिल्ह्यातलं दापोली तालुक्यातलं पालगड गाव. तिथे २४ डिसेंबर १८९९ ला साने गुरुजींचा जन्म झाला. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यावर आचार्य अत्र्यांनी काढलेला सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. त्यात अंघोळ केलेला श्याम हट्ट धरतो, तळव्यांना माती लागेल म्हणतो, आणि आई आपलं लुगडं धोंडीवर पसरते, ये, यावर पाय ठेव म्हणून. आणि मग सांगते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. तीच आई, पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला शिंपटीनं झोडून विहिरीवर पाठवते. लोकांनी आपल्या पोराला भित्रा म्हणू नये म्हणून. लुगडं पसरणारा हात आणि शिंपटी उगारणारा हात एकच.

पण आम्ही ते पुस्तक गटात वाचलं तेव्हा एक गोष्ट आमच्या मनाला लागली. गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक लिहिलं गेलं त्यानंतर सोळा वर्षांनी. सगळ्या महाराष्ट्रानं त्या आईसाठी डोळे पुसले, पण त्यातलं एक अक्षरही त्या माउलीच्या कानावर पडलं नाही. म्हणजे करून दाखवावं हे खरं, पण माणूस आहे तोवर एखाद्या वेळी बोलूनही दाखवावं.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता खरी गोष्ट.

पाऊस ओसरत आला होता. एक ताई मघापासून गप्प होती. तिला विचारलं, "तुझ्यावर कुणाची माया गं?" ती म्हणाली, "माझ्या भावाची. पण आता कळत नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची गोष्ट तिची परवानगी घेऊन सांगतो आहोत. गावाचं आणि तिचं नाव सांगणार नाही.

हिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. घर, थोडी भातजमीन आणि काजूची बाग. भाऊ एकच. लहानपणी शाळेतून येताना वहाळाला पाणी आलं की हिला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचा. हिच्या लग्नात त्यानं कर्ज काढलं. दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, काही कमी पडू दिलं नाही. असा भाऊ. रक्षाबंधनाच्या आधी त्याचा फोन आला, "राखी बांधायला ये, आणि येताना आधारकार्ड आण. दोन सह्या आहेत." हिनं विचारलं, "कसल्या?" तो म्हणाला, "अगं, हक्कसोडाच्या. सगळ्याच बहिणी देतात. तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?"

तो शेवटचा प्रश्न ऐका. मघापासून प्रेम हा शब्द कुणाच्या तोंडात येत नव्हता. तो नेमका इथे आला.

पडवीत एकदम दोन तट पडले. काही म्हणाल्या, "दे गं सही. माहेरची वाट बंद झाली तर जमीन काय चाटायची आहे?" काही म्हणाल्या, "अजिबात देऊ नको." आम्हालाही लगेच काही सुचलं नाही. कारण आमच्यापैकीही काहींनी अशा सह्या दिल्या आहेत, न वाचता, भाऊबीजेच्या ताटासमोर बसून. कुणी पस्तावली, कुणी नाही. पण त्या वेळी विचार करून दिली असं सांगणारी एकही निघाली नाही.

त्या दिवशी तिला आम्ही एवढंच सांगितलं, की कागद आधी समजून घे. जे तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीला मुलाएवढाच वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क देण्यासाठी महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलला आणि २००५ साली तो बदल सगळ्या देशासाठी झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. लग्न झालं म्हणून हा हक्क जात नाही. आपल्या मुस्लिम बहिणींचा वारसा त्यांच्या कायद्यानं ठरतो, पण त्यातही मुलीला हिस्सा आहेच.

वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, आई आणि सगळ्या मुलामुलींची नावं सातबाऱ्याला लागतात. हक्कसोडपत्र म्हणजे त्यातला आपला वाटा कायमचा सोडल्याचा कागद. तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. एकदा नोंदवला की मागे फिरवणं फार अवघड. आणि तो आपल्या खुशीनंच करायचा असतो. 'सगळ्याच बहिणी देतात' हे काही कायद्यात लिहिलेलं नाही. समजत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे स्त्रियांना मोफत सल्ला आणि वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "कायदा कळला. पण भावाला नाही म्हणायचं कसं? माझ्यासाठी त्यानं एवढं केलं."

तेव्हा आम्हाला सावित्रीबाई आठवल्या. तुम्ही म्हणाल, सावित्रीबाई फुले इथे कुठे आल्या? त्यांचं एक पत्र आहे, १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. सावित्रीबाई आजारी होत्या आणि माहेरी राहायला आल्या होत्या. भावानं मनापासून त्यांची शुश्रूषा केली. पण तोच भाऊ त्यांना बोलला, की तू आणि तुझा नवरा महारामांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, ते सोडा. आता विचार करा. बाई अंथरुणावरून नुकती उठलेली, भावाच्या अन्नावर, भावाच्या औषधपाण्यावर. शंभरातली एक तरी अशा वेळी उलट बोलेल का? सावित्रीबाई बोलल्या. त्यांनी भावाला नीट समजावलं, की विद्या देणं हे पुण्याचं काम आहे, त्यात चुकीचं काय? भाऊ शेवटी वरमला. हे सगळं त्यांनी नवऱ्याला लिहून कळवलं.

आम्हाला त्या पत्रातून हे घ्यावंसं वाटतं. भावानं केलेली सेवा खरी होती, त्याचं मत चुकलेलं होतं. सावित्रीबाईंनी एक नाकारलं म्हणून दुसरं खोटं ठरवलं नाही. आणि सेवा घेतली म्हणून मतही गिळलं नाही. माया ही माया, आणि हिशोब हा हिशोब. आपल्या गटात तरी दुसरं काय करतो? जिवाभावाच्या मैत्रिणी असतो, तरी कर्ज दिलं की नोंद करतो, सही घेतो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. वाचून दाखवा म्हटल्यावर कुणी रुसत नाही. नोंद नीट असते म्हणून तर मैत्री टिकते.

ताई राखीला गेली. आधारकार्ड घरीच ठेवलं. राखी बांधली, ओवाळलं, आणि मग भावाला म्हणाली, "दादा, मी सही देणार नाही असं म्हणत नाही. पण आधी तो कागद मला वाचून दाखव. आणि माझ्या मनात काय आहे ते एकदा विचार." भाऊ ताटावरून उठला.

गणपतीला बोलावणं आलं नाही. ही तरी गेली, नारळ आणि घरचे मोदक घेऊन. आईनं दार उघडलं. वहिनी बोलली नाही. आरतीला भाऊ बाजूला उभा राहिला. त्या दिवसांत ती आमच्याकडे येऊन खूप रडली. आम्हाला वाटलं, आपण हिचं माहेर तोडलं की काय. खोटं कशाला सांगू, आम्हीही घाबरलो होतो.

दिवाळीआधी भाऊच तिच्या घरी आला. दोघं बोलायला बसली. तेव्हा तिला कळलं, की वडिलांच्या आजारपणात त्यानं काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, बहिणीच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि त्याला भीती होती, की उद्या तिचा नवरा बागेतला वाटा बाहेरच्याला विकेल. तिनंही पहिल्यांदाच सांगितलं, की सासरी तिच्या नावावर एक खोपटंसुद्धा नाही, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव दिसलं तेव्हा वडिलांनी पाठीवर हात ठेवल्यासारखं तिला वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या मायेत दोघांनी एकमेकांना हे विचारलंच नव्हतं.

प्रश्न सुटला का? पुरता नाही. सध्या तिचं नाव सातबाऱ्यावर आहे, बाग भाऊ करतो. कर्जाचं कसं करायचं यावर बोलणं चालू आहे. उद्या ती राजीखुशीनं हक्क सोडेल, नाहीतर ठेवेल. तो तिचा निर्णय. पण भाऊबीजेला भाऊ जेवून गेला, आणि जाताना काजूगराची पिशवी ठेवून गेला. वहिनी अजून तुटक बोलते. त्यालाही वेळ लागेल.

मैत्रिणींनो, आज आम्हाला सांगायचं होतं ते एवढंच. कोण आपल्यासाठी मधला तुकडा झाकून ठेवतं, कोण लाकडं रचतं, कोण जेवलीस का विचारतं, ते ओळखा. ते प्रेमच आहे, त्याला कमी लेखू नका. पण कुणी प्रेमाची आठवण करून देऊन आपल्याकडून काही मागू लागलं, सही, दागिना, गटाचं कर्ज, शिक्षण सोडणं, तर क्षणभर थांबा. मागणाऱ्याला लगेच वाईट ठरवू नका. फक्त विचारा, "मला काय हवं, ते तू विचारलंस का?" खऱ्या मायेला या प्रश्नाचा राग आला तरी ती परत येते. थोडे दिवस लागतात. आणि हा प्रश्न आपणही विचारायला शिकू या. सुनेला, लेकीला, नवऱ्यालासुद्धा. त्यांच्यासाठी राब राब राबतो आपण, पण त्यांना काय हवं ते विचारतो का?

म्हणून या आठवड्यात गटासाठी दोन कामं. एक, घरातल्या एका माणसाला विचारायचं, तुला माझ्याकडून काय हवं? दुसरं, ज्यानं आपल्यासाठी गुपचूप काही केलं त्याला सांगायचं, की मला ते कळलं होतं. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की प्रत्येकीनं काय झालं ते सांगायचं.

आमच्या आजींनी हे आधीच केलं. त्या रात्री त्यांनी ट्रंकेतला एक कागद काढून यजमानांपुढे धरला. त्यांना आता वाचायला दिसत नाही. मग आजींनीच वाचून दाखवला. "काय म्हणाले मग?" आम्ही विचारलं.

आजी म्हणाल्या, "म्हणाले, जेवलीस का?"

येतो आम्ही. प्रकृतीस जपा. लोभ असावा.